कातरलेल्या कडा

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, एक्स-रे खात्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणून बसले. गमती आहेतच, एकदोन सांगतेही. पण निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी एक राग काही केल्या डोक्यातून जात नाही, आणि कागद पुढे ओढला की तोच आधी येऊन बसतो. तेव्हा थोडं हलकंफुलकं आणि बाकी सगळा राग, असा हा मजकूर आहे.

पिंपरीतल्या एका मोठ्या रुग्णालयात मी तेहतीस वर्षं एक्स-रे तंत्रज्ञ होते. राहायला संत तुकाराम नगरात, त्यामुळे भाजी घेतानासुद्धा कुणीतरी ओळखतं आणि म्हणतं, "तुम्ही त्या फोटोवाल्या बाई ना?" एक्स-रेला लोक फोटोच म्हणतात, मीही म्हणते. एकदा चिखलीकडचे एक काका टॉवेलात गुंडाळून काहीतरी जड घेऊन आले. मला वाटलं कुत्रं चावलेला हात असेल. उघडलं तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड. "बाई, ह्याला आतून चीर हाय का बगा की. साहेब म्हनतो न्हाई, मी म्हनतो हाय." लोखंडाचा फोटो आमच्या यंत्रात येत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं, हे पटवायला मला दहा मिनिटं लागली. जाताना म्हणाले, "मंग मानसाचा कसा येतो? मानूस काय कमी टनक हाय व्हय?"

दुसरी गंमत तितकी गमतीची नाही. एक ठेकेदार आपल्या कामगाराला घेऊन आला. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये बोट चेंगरलेलं, सूज आलेली, अंगठी तशीच रुतलेली. मी अंगठी कापायला पाठवते म्हटलं, तर ठेकेदार म्हणाला, "आधी फोटो काढा मॅडम. अंगठी दिसली पाहिजे फोटोत. अंगठी घालून काम करायची बंदी आहे, त्याने नियम मोडला याचा पुरावा नको का?" बोटाचं काय व्हायचं ते होवो, फोटोत अंगठी हवी! मी त्याला बाहेर काढला आणि आधी अंगठी कापवली. फोटोत काय घ्यायचं आणि काय वगळायचं यावर किती जणांचा डोळा असतो, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

ती हुशारी कसली, ते सांगते. एक्स-रे यंत्राच्या डोक्याखाली एक चौकोनी डबा असतो. त्यात दिवा असतो. दिवा लावला की झोपलेल्या माणसाच्या अंगावर उजेडाचा चौकोन पडतो आणि जेवढा उजेड तेवढ्याच जागी किरण जातात. डब्याच्या दोन नॉब फिरवून चौकोन लहानमोठा करायचा. गरजेपेक्षा जास्त अंगावर किरण पडू नयेत म्हणून चौकोन आवळून घेणं हे चांगल्या तंत्रज्ञाचं लक्षण, आणि ते योग्यच आहे. पण पुढे डिजिटल यंत्रं आली तशी आणखी एक सवय लागली. फोटो पडद्यावर आला की माउसने चारी बाजूंनी काळ्या पट्ट्या ओढायच्या. मणक्याचा फोटो मागितलाय ना, मग फक्त मणका. आम्ही त्याला कातरणं म्हणायचो. खरं तर काहीच कापलं जात नाही, खालचं चित्र तसंच राहतं, वर नुसतं झाकण पडतं. पण पुढे डॉक्टरांच्या पडद्यावर जातं ते झाकलेलंच. किरण शरीरातून जायचे ते गेलेले असतात. मग त्यांनी दाखवलेलं झाकून कुणाचं भलं होतं? तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही नाही. माझे फोटो इतके नीटस असायचे की आमचे खातेप्रमुख नव्या मुलींना म्हणत, "शैलजाबाईंसारखं कातरायला शिका."

आता संगीताकडे येते. परभणीकडची मुलगी, तेव्हा चोवीस वर्षांची. थोरल्या भावाबरोबर, नामदेवबरोबर, म्हाळुंग्यात खोली घेऊन राहायची. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायचं काम, आठ तास उभ्याने. उंचीने इतकी लहान की पहिल्यांदा मला शाळकरी पोर वाटली. चालताना डावी-उजवीकडे डुलायची. पहिल्यांदा आली ती कंबर दुखते म्हणून. मणक्याचा फोटो. मी यंत्राच्या खोलीतून काचेपलीकडे जाऊन माइकवर म्हटलं, "श्वास धरा." तिने धरला नाही. पुन्हा म्हटलं, तर ती मान वर करून माझ्याकडेच बघायला लागली. बाहेर ठेकेदाराच्या बसमधून भरतीच्या तपासणीला आलेल्या मुलांची रांग होती. मी तडकले. "अहो, लक्ष कुठंय? श्वास धरा म्हटलं ना! आणि एवढं विव्हळताय कशाला, तुमच्यासारख्या कितीतरी जणी दिवसभर उभ्या असतात."

ती शांतपणे म्हणाली, "त्यांचं हाड दुखत नसंल म्याडम. माझं हाडच दुखायलंय. मास न्हाई, हाड."

मी फोटो काढला, छान कातरला, पाठवला. अहवाल आला: नॉर्मल.

त्यानंतर दोन वर्षं ती येत राहिली, दर वेळी वेगळा अवयव घेऊन. पाऊल दुखतं म्हणून पावलाचा, गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचा. पावलात बारीक फ्रॅक्चर निघालं, ते उभ्याच्या कामाने झालं म्हणे. गुडघ्याला ड जीवनसत्त्वाच्या पुड्या मिळाल्या आणि "उन्हात बसत जा" असा सल्ला मिळाला. शिफ्टमध्ये ट्यूबलाइटखाली उभी राहणारी मुलगी ऊन कुठून आणणार, हे सल्ला देणाऱ्याने सांगितलं नाही. कधी कधी तिचे पाय सकाळी उठताना मेल्यागत पडून राहायचे आणि दुपारपर्यंत आपोआप चालू व्हायचे. त्यावर सुपरवायझरचं निदान होतं की मुलगी नाटकी आहे. दर वेळी नवी चिठ्ठी, नवा डॉक्टर, नवा चौकोन. सगळे कागद एका टेबलावर मांडून कुणी पाहिले नाहीत.

मग खुब्याचा फोटो झाला. तो मी पडद्यावर पाहिला आणि थबकले. दोन्ही मांड्यांच्या हाडांना वरच्या बाजूला, आतल्या अंगाला एकेक बारीक आडवी रेघ. डावीकडे जिथे, बरोबर उजवीकडेही तिथेच. पडून मार लागला तर हाड असं जोडीने, मोजून मापून मोडत नाही. मी फोटो घेऊन हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, दोन्हीकडे एकसारखी रेघ आहे. हाडच मऊ असेल का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही फोटो काढा. वाचायचं आम्ही बघू." खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर होते, ते हसले. मी परत आले आणि पुढचा पेशंट घेतला. मला त्यांच्यापेक्षा स्वतःचा राग जास्त येतो, कारण माझं म्हणणं बरोबर होतं आणि मी दुसरं दार ठोठावलं नाही.

तिला पंधरा दिवसांची विश्रांती लिहून दिली. सोळाव्या दिवशी कामावर जाताना कंपनीच्या बसच्या पायरीवर चढताना तिची डावी मांडी मोडली. पडली म्हणून मोडली नाही, मोडली म्हणून पडली. कंपनीने लगेच कळवलं की घटना गेटच्या बाहेर घडली आहे, सबब कंपनीचा संबंध नाही. कंपनीचीच बस, पण ती गेटबाहेर उभी! डाव्या मांडीत रॉड टाकला. हाड जुळायला इतके महिने लागले की शेवटी तो पाय आखूड राहिला. त्या काळात मी तिचे किती फोटो काढले, सगळे मांडीचे, सगळे नीट कातरलेले.

पहिल्या फोटोला चार वर्षं होत आली तेव्हा उजवी मांडीही मोडायच्या बेतात आली. आधीच रॉड टाकून टाकू, असं ठरलं. पुढच्या सोमवारी ऑपरेशन होतं. बुधवारी ती कमरेच्या दुखण्याची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली, म्हणजे पुन्हा मणक्याचा फोटो. आणि त्या दिवशी आमच्या यंत्रातल्या त्या डब्याचा दिवा गेला होता. अगदी साधी गोष्ट, वर्षातून एकदा तरी जातोच. दिवा नाही म्हणजे अंगावर चौकोन दिसत नाही. मी अंदाजाने नेम धरला आणि काही सुटू नये म्हणून दोन्ही नॉब बऱ्याच उघड्या ठेवल्या.

पडद्यावर फोटो आला. हात सवयीने माउसकडे गेला, डावीकडची पट्टी मी ओढायला लागलेसुद्धा. आणि तिथेच थांबले. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे किडन्या असतात तिथे, पांढरे कणच कण. भाकरीच्या पिठाचा हात काळ्या कापडावर उमटावा तसे.

मी तिचा चार वर्षांपूर्वीचा पहिला फोटो शोधून काढला, तोच नॉर्मल अहवालवाला. त्यावर मी ओढलेल्या पट्ट्या काढल्या. त्या दिवशी ती हलत होती म्हणून मी चौकोन जरा सैल ठेवला होता आणि नंतर कातरला होता. पट्ट्यांखाली, दोन्ही कडांना, तेच कण होते. थोडे कमी, पण होते. मी स्वतःच्या हाताने ते झाकले होते आणि त्यासाठी माझी वाहवा झाली होती.

या वेळी मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले नाही. आमच्याकडे दर गुरुवारी पुण्याहून किडनीच्या डॉक्टर यायच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहिले आणि संगीताचे चार वर्षांचे सगळे फोटो त्यांच्या पडद्यावर एका रांगेत लावले, कडांसकट. त्यांनी पहिल्यापासून एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग संगीताला आत बोलावून त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. हातपाय कधी अचानक गळतात का? घरात कुणाला कमी ऐकू येतं का? आईवडील नात्यातले का?

"पाय तर सारखेच गळायलेत," संगीता म्हणाली. "आई म्हंजी बाबाच्या मामाचीच लेक. अन् भावाला ऐकू येत न्हाई. प्रेसशॉपला हाय तो, आवाजानं गेले म्हन्तेत कान."

"प्रेसशॉपच्या आधी येत होतं का ऐकू?"

संगीताने जरा आठवलं. "न्हाई. शाळंत बी मास्तर वराडायचे त्याच्यावर. मला बी जरा कमीच येतं, पर मी तोंडाकडं बघून समजून घेती."

मला तो पहिला दिवस आठवला, माइकवरचं माझं "श्वास धरा" आणि मान वर करून माझं तोंड शोधणारी ती.

रक्त आणि लघवी तपासली. सोमवारचं ऑपरेशन थांबलं. रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलं होतं की भूल दिली असती तर टेबलावरच जिवावर बेतलं असतं. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपण जे खातो त्यातून शरीरात रोज थोडं आम्ल तयार होतं. ते लघवीतून बाहेर टाकणं हे किडनीचं काम. संगीताच्या किडनीतले आम्ल बाहेर टाकणारे पंप जन्मापासूनच नीट चालत नव्हते, आईवडील दोघांकडून आलेला हा दोष. मग आम्ल रक्तात साचतं आणि त्याला आवरायला शरीर स्वतःच्याच हाडांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, काढून वापरतं. हाडं मऊ पडतात. निघालेला चुना किडनीत जाऊन कणाकणाने बसतो. पोटॅशियम लघवीतून वाहून जातं, म्हणून पाय मेल्यागत होतात. तेच पंप कानाच्या आतही असतात, ते बिघडले की ऐकणं जातं. दुखणं हाडात, मूळ किडनीत, आणि आम्ही चार वर्षं हाडांचे फोटो किडनी कातरून काढत होतो.

औषध काय, तर सोड्याच्या जातीच्या गोळ्या आणि पोटॅशियमचं पातळ औषध, रोज, आयुष्यभर, डॉक्टरांच्या नजरेखाली. आठ-नऊ महिन्यांत उजव्या मांडीतली रेघ भरून आली. रॉड लागला नाही.

"दुर्मिळ आजार आहे हो, कुणाच्या लक्षात येणार?" हे मला नंतर किती जणांनी ऐकवलं! दुर्मिळ, दुर्मिळ! शोधलाच नाही तर दुर्मिळच राहणार. भोसरीपासून चाकणपर्यंत दिवसाला किती बसमधून किती माणसं तपासणीला येतात, त्यांच्यावर फिट किंवा अनफिट एवढाच शिक्का पडतो. बुटकी आहे, डुलत चालते, ऐकू कमी येतं म्हणून एखाद्या मुलीला परत पाठवतात, पण बुटकी का, डुलते का, हे विचारायला त्या कागदावर रकानाच नाही. आणि ज्याला हे दुखणं आहे त्याच्या घरात ते दुर्मिळ नसतं. त्याच्या घरात ते शेजारच्या अंथरुणावर झोपलेलं असतं.

संगीताच्या शेजारच्या अंथरुणावर नामदेव होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तपासणीची आणि फोटोची चिठ्ठी लिहून दिली होती. तो येईना. त्याच्याही मांड्या दुखायला लागल्या होत्या, पण त्याला अनफिटच्या शिक्क्याची भीती, आणि त्याहून जास्त, आमच्यावरचा राग. दरम्यान खातेप्रमुखांनी मला बोलावून बजावलं, "शैलजाबाई, तो जुना फोटो पेशंटला उघडून दाखवू नका. उद्या वकील घेऊन येतील. झालं ते झालं." मी मान डोलावली. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

एका सुट्टीच्या वारी संगीताने भावाला ओढत आणलं. तो बाकावर बसेना. ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखा मोठ्यानं बोलत होता, अख्खा व्हरांडा ऐकत होता. "चार वरसं हितं खेटे घालायली ही! दर बारीला नॉर्मल, नॉर्मल! आन् आता म्हन्तेत जन्मापासूनचं हाय! मंग चार वरसं तुमी काय बघायलते? आज खरं बोलायलेत का तवा खरं बोललेत? मी कशावरून इस्वास ठेवू?"

त्याचा प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर एकच होतं, आणि ते द्यायची मला मनाई होती.

मी दोघांना आत घेतलं. पडद्यावर चार वर्षांपूर्वीचा फोटो लावला, कातरलेला. मग एकेक पट्टी काढली. नामदेवला माझे ओठ दिसतील अशी त्याच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "दिसत होतं. तेव्हाच दिसत होतं. मी झाकलं."

संगीता पुढे झाली आणि तिने पडद्यावरच्या पांढऱ्या कणांवर बोट ठेवलं. "म्हंजी हे बसच्या आधीचं हाय?"

"हो."

"पाय मोडायच्या आधीचं."

"हो. चूक माझी आहे, संगीता. मला माफ कर."

तिने मला माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही, विचारायचं धाडस झालं नाही. ती नुसती आखूड पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊन उभी राहिली. मग नामदेवने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि शर्टाची बटणं सोडायला लागला.

मी त्याला टेबलावर झोपवलं. माइकवर ओरडून काही उपयोग नव्हता. तेव्हा संगीताला काचेमागे माझ्या शेजारी उभं केलं आणि नामदेवला तिकडे बघायला सांगितलं. संगीताने तळहात वर केला. त्याने श्वास धरला. इतका स्थिर पेशंट मी तेहतीस वर्षांत पाहिला नव्हता. मी बटण दाबलं, संगीताने हात खाली घेतला, त्याने श्वास सोडला.

त्याच्याही किडन्यांत कण होते, पण मांडीची हाडं अजून शाबूत होती. औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. कान काही परत येणार नाहीत. पण स्वतःच्या पायांवर तो आजही कामाला जातो, संगीता सांगते.

तो फोटो मी कडांसकट पाठवला होता. दुसऱ्या दिवशी वरून लेखी शेरा आला: "फोटो नीटनेटका नाही. कडा कातरून पुन्हा पाठवावा."

मी पाठवला नाही.